दहा किलोचा डंबेल आणि ९.६ चं हिमोग्लोबिन

गेल्या वर्षी ऑगस्टमधे एक दिवस आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली आणि मी राहते सातव्या मजल्यावर. गेटवरचे मामा म्हणाले, ताई लिफ्टवाला दुपारी येणारे, जिन्यानं जावा आज. गेले. पाठीवर लॅपटॉपची सॅक, एका हातात मेसचा डबा, दुसऱ्या हातात जर्नलच्या झेरॉक्स, आणि चौथ्या मजल्यावर मी चक्क पायरीवर बसले. बसले म्हणजे टेकले नाही, फतकल मारून बसले, कानात धडधड ऐकू येत होती. तेवढ्यात वरून एक आजी उतरत आल्या, सत्तरीच्या असतील, साडी आणि पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, माझ्याकडे बघून थांबल्या आणि विचारलं, "पाणी आणून देऊ का गं?"

वय वर्षं वीस, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, आणि सत्तरीच्या आजी मला पाणी विचारतायत. लाज वाटली राव.

त्या रात्री फ्लॅटमधे जाहीर केलं की उद्यापासून जिम. आमच्या फ्लॅटमधे आम्ही चौघी, टू बीएचके, पुण्यात नऱ्हे-आंबेगाव भागात ज्या सोसायट्या कॉलेजच्या पोरापोरींच्या भाड्यावरच चालतात त्यातलीच एक. तिघी जणी एवढ्या हसल्या की एकीला ठसका लागला. कारण फर्स्ट इयरला मी बाहेरच्या एका मोठ्या जिमची तीन महिन्यांची फी भरून एकूण नऊ दिवस गेले होते. नऊ. जायला स्कूटीवर वीस मिनिटं, यायला ट्रॅफिकमधे पस्तीस, मग अंघोळ, मग झोप, मग असाइनमेंट कोण लिहिणार. फी अर्थातच परत मिळाली नाही.

यावेळी म्हणलं लांब जायचंच नाही. सोसायटीच्या क्लबहाऊसमधे जिम आहे, लिफ्टने खाली उतरलं की आलं, भाड्यातच धरलेलं आहे असं ब्रोकर फ्लॅट दाखवताना छातीठोकपणे म्हणाला होता. दोन वर्षं झाली, आम्ही कोणी आत पाऊलही टाकलं नव्हतं.

आता या जिमबद्दल. जाहिरातीत "सुसज्ज व्यायामशाळा" असं असतं ना, ते बिल्डरने ताबा दिला त्या दिवशी खरं असावं. सध्या दोन ट्रेडमिल आहेत, त्यातली एक कायमची बंद, तिच्यावर लोक टॉवेल वाळत घालतात. चालू असलेलीची लाल सेफ्टी क्लिप हरवलीये, तिथे कोणीतरी फ्रिजवरचं मॅग्नेट चिकटवलंय, भाजीच्या आकाराचं, वांगं आहे, आणि ट्रेडमिल त्या वांग्यावर चालते. एक सायकल, जी सरकत्या खुर्चीसारखी कुईकुई करते. एक मल्टिजिम, त्याची वजन लावायची पिन गेलीये म्हणून स्क्रूड्रायव्हर घालतात. एक बेंच. आणि डंबेल्स, अडीच, पाच, साडेसात आणि मग एकदम साडेबारा. मधल्या दहा किलोच्या दोन्ही गायब. या दहा किलोवर पुढे येते.

पण जिममधे जायचं म्हणजे आधी सोसायटी पार करावी लागते. दारावर लॅमिनेट केलेली नोटीस: सकाळी ६ ते १०, संध्याकाळी ५ ते १०, आणि त्याखाली वेगळ्या फॉन्टमधे "महिलांसाठी राखीव वेळ दुपारी ३ ते ५". दुपारी तीन ते पाच मी प्रॅक्टिकलला असते. कॉलेजला जाणारी किंवा नोकरी करणारी एकही बाई त्या वेळेत घरी नसते, मग ही वेळ ठरवली कोणी? विचारल्यावर कळलं की खूप आधी काही काकूंनी मागितली होती, त्यांच्या सोयीची होती, आता त्यातल्या अर्ध्या दुसरीकडे राहायला गेल्या, नोटीस मात्र तशीच. राखीव म्हणजे त्या वेळेत पुरुषांनी यायचं नाही एवढंच, बाकीच्या वेळेत बायकांनी यायचं नाही असं कुठेही लिहिलेलं नाही, पण संध्याकाळी सात वाजता गेलं की आतली चार पोरं ज्या पद्धतीने गाणं बंद करून गप्प होतात त्यावरून तसंच लिहिलंय असं वाटतं.

दुसरं म्हणजे भाडेकरू. पहिल्याच आठवड्यात कमिटीतले एक काका आले आणि म्हणाले भाड्याने राहणाऱ्यांना जिमचे महिना पाचशे वेगळे. माझी रूममेट, जिचं निम्मं डोकं कॉम्प्युटरमधे आणि निम्मं भांडणात चालतं, तिने आदल्या रात्रीच शोधून ठेवलेलं की महाराष्ट्रात सोसायटी भाड्याने दिलेल्या फ्लॅटला नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते तो सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, २००१ चा सरकारी आदेश आहे, आणि तो मालकाकडून घेतात. तिने अगदी गोड आवाजात विचारलं, "काका, हे पाचशे कुठल्या हेडखाली आहेत? पावती मिळेल ना?" काका म्हणाले बघतो मीटिंगमधे. अजून बघतायत. पाचशे काही आम्ही दिले नाहीत.

तर वेळ ठरली सकाळी सहाची. पोरांची गर्दी नसते, फक्त ज्येष्ठ नागरिक असतात, गेटवरच्या केबिनमधून किल्ली घ्यायची, रजिस्टरमधे नाव, फ्लॅट नंबर, वेळ लिहायची. आणि पहिल्याच दिवशी रजिस्टरमधे माझ्या वर सही कोणाची? त्याच आजी. त्या रोज सहाला येतात, ट्रेडमिलवर स्पीड अडीच, बरोबर वीस मिनिटं, पदर कमरेला खोचून, आणि चालताना मोबाईलवर हरिपाठ लावतात. मला बघून म्हणाल्या, "आलीस? बरं झालं."

पहिले पंधरा दिवस मी सगळ्या चुका केल्या ज्या करता येतात. रील बघून एका दिवसात सहा प्रकारचे स्क्वॉट, दुसऱ्या दिवशी कमोडवर बसता येईना, तिसऱ्या दिवशी त्याहून वाईट (हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच जास्त असतं हे तेव्हा माहीत नव्हतं, मला वाटलं काहीतरी फाटलं आतून). ट्रेडमिलवर स्पीड सातला पळायला गेले तर तीन मिनिटांत तीच धडधड, डोळ्यापुढे काळे ठिपके. वांगं ओढून मशीन बंद केलं आणि खाली बसले. मनात म्हणलं आपला स्टॅमिनाच नाही, आपण आळशी, आपलं असंच होणार, फर्स्ट इयरचे नऊ दिवस आठवले, बाहेर पडले.

आजी मागे आल्या. काही सल्ला नाही, काही नाही, सरळ माझ्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघितली. "पांढरंफटक आहे गं. रक्त तपास." आजी आरोग्य केंद्रात नर्स होत्या, तीस वर्षं, हे मला नंतर कळलं.

रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन ९.६. बाईचं १२ च्या खाली असलं की ॲनिमिया धरतात. डॉक्टर बाईंना काहीच विशेष वाटलं नाही, म्हणाल्या रोज अशा चार मुली येतात. घरी येऊन मी शोधलं तर खरंच, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के भारतीय बायका ॲनिमिक निघाल्यात. शंभरात सत्तावन्न! म्हणजे आमच्या चौघींच्या फ्लॅटमधे हिशोबाने दोघी तरी असणारच, आणि तपासल्यावर दोघीच निघाल्या, त्या भांडकुदळ रूममेटचं १०.८. म्हणजे दोन वर्षं मी जो स्वतःला आळशी आळशी म्हणून शिव्या घालत होते, लेक्चरला झोप येते, जिना चढवत नाही, पाळीत चार दिवस उठवत नाही, त्यातला किती आळस आणि किती नुसतं लोह कमी? मला अजूनही थोडा राग आहे याचा. कॉलेजमधे हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली की डिफॉल्टर लिस्ट लागते, हिमोग्लोबिनची लिस्ट कोणी लावत नाही.

गोळ्या सुरू झाल्या. लोहाच्या गोळ्यांबद्दल कोणी नीट सांगत नाही म्हणून लिहिते: शी काळी होते, घाबरू नका. पोट बांधतं, पाणी प्या. आणि चहासोबत किंवा चहाच्या आसपास घेतली तर गोळीतलं बरंचसं लोह अंगी लागतच नाही, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उलट जास्त लागतं. मी आधी दोन दिवस कटिंगसोबतच घेतली होती. हुशारी.

व्यायाम बंद करू का विचारलं तर डॉक्टर म्हणाल्या बंद नको, हलका ठेव, चक्कर आली की थांब, पळणं सध्या नाही. आणि खरं सांगते, इथूनच माझं जिम चालू झालं असं मी धरते, कारण पहिल्यांदा कमी करायची परवानगी मिळाली. आठवड्यातून तीन दिवस, सोमवार बुधवार शनिवार, पंचवीस मिनिटं, बस. मंगळवारी आणि गुरुवारी आठचं प्रॅक्टिकल असतं, त्या दिवशी जिम नाही म्हणजे नाही, अपराधी वगैरे वाटून घ्यायचं नाही.

पंचवीस मिनिटांत काय, तर पाच मिनिटं ट्रेडमिलवर चालणं (आजी उतरल्या की), मग डंबेल छातीशी धरून स्क्वॉट, मग बेंचवर एक हात टेकून दुसऱ्या हाताने डंबेल ओढायचा तो रो, मग बेंचवर हात ठेवून पुशअप कारण जमिनीवर एकही होत नव्हता, मग डंबेल मांडीवरून घसरवत कमरेतून वाकायचं ते डेडलिफ्ट, आणि शेवटी कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरून थांबायचं तो प्लँक. प्रत्येकाचे दोन-दोन सेट, मधे मिनिटभर थांबायचं, त्या मिनिटात मोबाईल नाही कारण मोबाईल घेतला की ते मिनिट सहा मिनिटांचं होतं, हे मी टायमर लावून मोजलंय. मल्टिजिमला हात लावत नाही, स्क्रूड्रायव्हरवर माझा विश्वास नाही.

कोणी म्हणेल पंचवीस मिनिटांनी काय होतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. माझे तीन दिवसांचे पंचाहत्तर झाले, पण मी स्कूटी विकली (पेट्रोलला पैसे नव्हते, फिटनेससाठी नाही) आणि आता कॉलेजला चालत जाते, एका बाजूने अठरा मिनिटं, सर्व्हिस रोडने, धूळ खात. झाले की दीडशेच्या वर. धुळीचं काय करायचं ते माहीत नाही, मास्क लावते.

वजन वाढवायची वेळ आली तेव्हा त्या दहा किलोचं दुःख कळलं. ताकद वाढायची तर हळूहळू भार वाढवावा लागतो एवढं साधं गणित आहे, पण साडेसात सोपे वाटायला लागले आणि साडेबारा उचलायला गेले तर मनगट वळलं. मधली पायरीच नाही. मग जुगाड, सॅकमधे पुस्तकं भरायची, किचनच्या काट्यावर वजन करायचं आणि ती छातीशी घेऊन स्क्वॉट. फर्स्ट इयरची गणिताची दोन जाड पुस्तकं आणि लॅपटॉपचा जुना चार्जर मिळून बरोबर अडीच किलो होतात, वर साडेसातचा डंबेल. गणिताचा आयुष्यात झालेला एवढाच उपयोग, एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, नापास होऊन केटी लागली होती ते सोडा.

खाण्याचं मात्र जिमपेक्षा अवघड गेलं. मेसचा डबा म्हणजे तीन पोळ्या, बटाटा कुठल्या ना कुठल्या रूपात, भात, आणि वरण ज्यात डाळ शोधायला टॉर्च लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं प्रमाण आहे किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन, माझं वजन ५८, म्हणजे साधारण ४८ ग्रॅम रोज, आणि डब्यातून दोन्ही वेळचं मिळून माझ्या हिशोबाने तीसच्या आसपास. पावडरचा डबा घ्यायला अडीच-तीन हजार लागतात, तेवढ्यात माझी मेस येते. मग काय, दोन अंडी उकडून, एका अंड्यात सहा ग्रॅम. सोया चंक्स, शंभर ग्रॅम कोरड्यात पन्नासच्या वर प्रोटीन असतं पण चव स्पंजची, ते मी मेसच्या रश्शात टाकून ठेवते, रस्सा पितात आणि जरा माणसात येतात.

आईला फोनवर हिमोग्लोबिन सांगितलं ती चूक झाली. आम्ही बार्शीचे. चौथ्या दिवशी ट्रॅव्हल्सच्या गाडीने पार्सल, त्यात हुलगे, अळिवाचे लाडू, शेंगाची चटणी, जवसाची चटणी, गूळ, आणि ज्वारीच्या कडक भाकरी पेपरात बांधलेल्या. फोनवर तोच प्रश्न, "खातीस का न्हाई? का नुसत्याच उड्या मारतीस?" हुलगे लहानपणी मला आवडायचे नाहीत, माडगं म्हणलं की मी शेजारी पळायचे. आता रात्री भिजवून सकाळी कुकरला लावते, कांदा लिंबू मारून डब्यात. रूममेट्स आधी नाक मुरडायच्या, ह्या घोड्याच्या खाण्याला पुण्यात काय म्हणतात गं वगैरे, आता माझ्या आधी संपवतात. आणि चटणीतल्या शेंगदाण्यात प्रोटीन आहेच, शंभर ग्रॅममागे पंचवीसच्या आसपास, फक्त तेलही तेवढंच जोरात आहे म्हणून आईची चटणी चमच्याने खायची नाही असं ठरवलंय. ठरवलंय.

इनसेमच्या, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेच्या, पंधरवड्यात सगळं कोलमडलं. तीस मार्कांची परीक्षा, पण त्याच्या आगेमागे सबमिशन, ओरल, फाईलवर सरांची सही घ्यायला तीन तास केबिनबाहेर उभं, रात्री दोनला झोप. अकरा दिवस गेले नाही. आधी असं झालं की मी पूर्ण सोडूनच द्यायचे, आता सुटलंच आहे तर एंडसेमनंतर नव्याने, नवीन वर्षापासून, नवीन शूज घेतल्यावर. यावेळी बाराव्या दिवशी आजींनी गेटवरून इंटरकॉम केला. सकाळी सहा पाचला. "सात मजले चढून येऊ का तिथे?" म्हणाल्या. गेले, बारा दिवसांनी साडेसात किलो नव्हे पाच घेतले, दोन सेटऐवजी एक केला, पंधरा मिनिटांत परत. आजी म्हणाल्या रजिस्टरमधे सही तर केलीस ना, मग झालं.

त्यांच्याकडून मी एक गोष्ट ढापलीये ती म्हणजे परीक्षेच्या दिवसांत जिममधे न जाता खोलीतच बारा सूर्यनमस्कार. आजी ते शाळेत शिकल्या, आम्हालाही शाळेत २६ जानेवारीच्या कवायतीत होते, पण आजींनी जे सावकाश करून दाखवले ना, एकेक श्वास एकेक स्थिती, बाराव्याला माझा घाम निघाला. पलंग आणि कपाटाच्या मधे एक मॅट बसते एवढी जागा आहे, साष्टांगाच्या स्थितीत माझं डोकं रूममेटच्या चपलांच्या रॅकमधे जातं. चालतं.

पावणेतीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.७. जानेवारीत १२.३. वजन? वजन दीड किलो वाढलं. आईला सांगितलं तर ती खूष, बारीक व्हायला गेली होतीस ना असं काकू म्हणाल्या, दोघींना काय उत्तर द्यायचं कळेना. जमिनीवर पाच पुशअप होतात आता. सहावा होत नाही.

आणि आता दहा किलोची गोष्ट. फेब्रुवारीत पाण्याच्या टाकीचं काम निघालं म्हणून मी आणि आजी टेरेसवर गेलो होतो, म्हणजे आजींना बघायचं होतं काम नीट चाललंय का, त्यांना सगळ्याच कामांचं बघायचं असतं. टेरेसचं लोखंडी दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली काहीतरी लावलेलं. गंजलेलं, धुळीने माखलेलं. मी पायाने सरकवलं तर सरकलं नाही. १० असा आकडा. एक दाराच्या या बाजूला, एक त्या बाजूला, जोडी! किती पावसाळे खाल्ले असतील देव जाणे. आजी म्हणाल्या घे. लिफ्टमधे टाकीवाल्यांच्या गोण्या होत्या म्हणून दोन हातात दोन डंबेल घेऊन अकरा मजले जिन्याने उतरले, चौथ्या मजल्यावर आजींनी विचारलं पाणी हवं का, मी म्हणलं नको. जुन्या टूथब्रशने घासून, खोबरेल लावून साडेसात आणि साडेबाराच्या मधे ठेवले.

परवा सोसायटीच्या ग्रुपवर नोटीस आली: "टेरेसच्या दाराला लावलेले दोन वजनी लोखंड कोणीतरी नेले आहे. दार आपटून ए विंगच्या सभासदांना त्रास होत आहे. संबंधितांनी त्वरित जागेवर आणून ठेवावे." आजींनी त्यावर अंगठा टाकलाय.